साडूच्या पोराचा फॉर्म

आमच्या शांभवीला कसलाही आजार नाही, याची मला पक्की खात्री होती. तरी तिला डॉक्टरांकडे न्यायचंच, असं मी ठरवलं. त्याचं कारण जयसिंगपुरात राहतं. माझा साडू मृत्युंजय!

त्याचा शिवांश म्हणजे पेटता भुईनळा. पाच वर्षं मी साडूला शिस्तीवर व्याख्यानं दिली. मग आमच्याच शहरातल्या एका डॉक्टर मॅडमनी पोराला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास, असल्याचं सांगितलं, उपचार केले आणि सहा महिन्यांत पोरगं जागेवर बसून गणितं सोडवू लागलं! आता सासुरवाडीत सगळे सल्ला साडूला विचारतात, मला फक्त ‘चहा घेणार का’ एवढंच. इकडे आमची पाचवीतली शांभवी मार्कांत घसरत चाललेली. जे औषध त्याच्या पोराला, ते माझ्या पोरीला का नको?

“अहो, गप्प बसणारी पोर ती!” माझी बायको विद्याश्री म्हणाली.

“तू बघच की!”

त्याच मॅडमनी दोन फॉर्म दिले, एक शाळेला, एक घरी. वस्तू हरवते का? मध्येच उठते का? मला एकाचंही उत्तर येईना! पण साडूनं मदत म्हणून शिवांशचा भरलेला फॉर्म व्हॉट्सॲपवर पाठवला होता. मी तो वळणदार अक्षरात उतरवला. ‘चढतो’चं तेवढं ‘चढते’ केलं.

मॅडम वाचू लागल्या. “राहता कुठं?”

“राजारामपुरी. चौथा मजला.”

“आणि मुलगी रोज उसाच्या चालत्या ट्रॉलीवर चढते?”

“चपळ हाय ती!”

“म्हशीच्या पाठीवरनं उडी मारते?”

“बाबा,” शांभवी म्हणाली, “ते शिवांशदादाचं हाय की!”

विद्याश्रीनं कपाळाला हात लावला. मॅडमनी वर्गातल्या बाईंचा फॉर्म पुढे सरकवला. ‘शांत मुलगी. प्रश्न अर्धाच ऐकते. वही रोज विसरते. हाक मारली की दचकते.’

“ट्रॉलीवर चढत नाही, म्हणूनच तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “गप्प मुली अशाच राहून जातात. आता पंधरा दिवस मुलीकडे बघा, मग फॉर्म भरा.”

बघितलं. पोर धड्याच्या पहिल्याच ओळीवर तीन-तीनदा परत येत होती. तक्रार नाही, रडणं नाही. आणि मी तिला आळशी म्हणत होतो!

सगळ्या तपासण्यांनंतर निदान झालं. तिलाही एडीएचडीच.

“गोळीचं नंतर बघू,” मॅडम म्हणाल्या. “आधी वर्गात पुढचा बाक, आणि तुम्हा दोघांना पालकवर्ग. रविवारी या. एक अनुभवी पालक शिकवतात.”

रविवारी पहिल्या रांगेत वही उघडून बसलो. दार उघडलं. नवाकोरा निळा शर्ट, हातात माइक. मृत्युंजय!

“या पावणं! नीट लक्ष द्या हं. पोरांशी बोलताना पहिली गोष्ट म्हणजे...”

ती पहिली गोष्ट काय, ते विद्याश्रीला विचारा. मी त्याच्या शर्टाची इस्त्री बघत होतो!