दामूशेठची रुसलेली मशीनं

दामूशेठच्या काउंटरवर मी व्हिडिओ गेमचा खोका आपटला, तेव्हा दुकानात बऱ्यापैकी गर्दी होती. गर्दी दिसली की माझ्यातला मास्तर जागा होतो. "बघा, काय माल विकलाय आम्हाला!" असं रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणून मी झाकण उघडलं. आत कुरडया होत्या.

आमच्या घरात चांगला खोका फार काळ रिकामा राहत नाही, हे मी विसरलो होतो. मशीन घरी टीव्हीशेजारीच राहिलं होतं. दुसरा दुकानदार पोट धरून हसला असता. दामूशेठने एक कुरडई उचलली, उजेडात धरली, पालथी करून पाहिली आणि गंभीरपणे विचारलं, "गुरुजी, ही तर ठणठणीत दिसते. हिला होतंय काय?"

जव्हारच्या बाजारपेठेत दामूशेठचं रेडिओ-टीव्हीचं दुकान होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्याच्या मते जगातलं कुठलंही मशीन बिघडत नाही. ते रुसतं. रेडिओ आणला की तो पाना-पेचकस घेण्याआधी त्याच्या पाठीवर तळहात ठेवायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग हळूच विचारायचा, "घरात काही वादावादी?" कुणी "टीव्ही बिघडला" म्हणालं की ओठांवर बोट ठेवायचा, "त्याच्या तोंडावर असं बोलू नका. समजूत काढू."

एकदा मी आमचा मिक्सर नेला होता.

"वहिनींनी ह्यात काय घातलं होतं?"

"हळकुंडं."

"मग? तुम्ही नसता रुसला?"

मिक्सर दोन दिवसांत चालू झाला.

तर त्या दिवाळीला दामूशेठने मुंबईहून नवा व्हिडिओ गेम आणला. टीव्हीला जोडायचा, हातात बटणं घ्यायची आणि पडद्यावरच्या बुटक्या माणसाला उड्या मारायला लावायच्या. जव्हारात टीव्ही असलेल्या प्रत्येक घरात हट्ट सुरू झाला. आमच्याकडे मुलाने धरला आणि मी तो पुरवला, असं मी सगळ्यांना सांगतो. प्रत्यक्षात मुलाला त्या बटणांना हात लावायला मिळाला तो मी शाळेत गेल्यावर.

मशीनसोबत दामूशेठ एक कव्हर फुकट द्यायचा. लाल मखमल, कडेने झालर, आतून कापूस भरलेला. वायरींसाठी आणि कॅसेट घालण्यासाठी नेमकी भोकं ठेवलेली, म्हणजे खेळतानासुद्धा कव्हर काढायला नको आणि धूळ जायला नको. आपल्याकडे नवी वस्तू उघडी कोण ठेवतो? लोकांना मशीनपेक्षा कव्हरचंच कौतुक जास्त.

ही कव्हरं शिवली होती शांताताईंनी. शांताताई म्हणजे दामूशेठची थोरली बहीण. आई लवकर गेली, त्याला वाढवलं ते हिनेच. यजमान वारल्यावर ती मोखाड्याहून भावाकडे आली आणि दुकानामागच्या खोलीत भिंतीकडे बघत बसून राहू लागली. दामूशेठने लग्न केलं नव्हतं. घरात दोघंच. ती आल्यापासून तो चपला हातात घेऊन आत जायचा. आमटीत मीठ नसलं तरी "फक्कड झालीय" म्हणायचा. दुकानात कुणी मोठ्याने हसलं तर मागच्या खोलीच्या पडद्याकडे बोट दाखवायचा. मग दिवाळीच्या तोंडावर शांताताईंनी आपणहून शिलाई मशीनवरची धूळ पुसली. त्या दिवशी दामूशेठने माझ्यासह दिसेल त्याला चहा पाजला होता. कारण सांगितलं नव्हतं.

दिवाळी सरली आणि मशीनं परत येऊ लागली. कुणाच्या पडद्यावर नुसत्या पट्ट्या, कुणाचं थोडा वेळ चालून गपगार. जामसरचा लखमा मशीन फडक्यात बांधून घेऊन आला.

"शेठ, आमचा गडी उडी मारला तो वरतीच राहला. खाली येतच नाय! पोरं दोन दिस वाट बघतात."

दाभोशाच्या बाजूला जीप चालवणारा एकजण काही वर्षं ठाण्याला राहून आला होता. तो ओरडला, "अरे शेठ, पूरा भट्टी आहे भट्टी! हात लावला तर चटका!"

दामूशेठ प्रत्येकाला तेच सांगायचा, "रुसलंय. ठेवून जा." दोन दिवसांनी मशीन चालू करून द्यायचा. आठवड्याने ते पुन्हा हजर. कधी तो कंपनीला दोष द्यायचा, कधी व्होल्टेजला. कुरडयांची फजिती झाली त्या दिवशी तर लोकांनी त्याला निर्वाणीचंच सांगितलं : येत्या बाजाराच्या दिवशी मशीनं बदलून दे, नाहीतर ह्या दुकानाची पायरी कुणी चढणार नाही. लहान गावात असं ठरलं की ठरलं.

मी घरी आलो. आमच्या कव्हरवर चहा सांडला म्हणून बायकोने ते धुऊन वाळत घातलं होतं. जव्हारच्या थंडीत कापूस लवकर वाळतोय कशाला! तोवर मशीन उघडंच होतं आणि एकदाही बंद पडलं नाही. वाळलेलं कव्हर घातलं, अर्ध्या तासात पडद्यावर पट्ट्या. मी सातवीला विज्ञान शिकवायचो. उष्णतेचा धडा नुकताच संपवला होता. तरीही "अहो, गुदमरतंय ते," हे बायकोनेच सांगितलं.

बाजाराच्या दिवशी मी कव्हर हातात नाचवत दुकानात शिरलो. आज कुरडयांचं उट्टं काढायचं होतं. गिऱ्हाइकं दामूशेठला घेरून उभी होती.

"सापडलं! दोष सापडला! हे कव्हर..."

पुढचे शब्द दामूशेठच्या तळहातात गेले. त्याने मला ओढत पंख्यांच्या खोक्यांमागे नेलं.

"मला ठाऊक आहे," तो कुजबुजला.

"कधीपासून?"

"पहिलं मशीन परत आलं तेव्हापासून."

"मग बोलत का नाहीस? दुकान बुडेल तुझं!"

"बुडू दे. गुरुजी, ताई आता सकाळी उठून वेणी घालते. शिलाई मशीनवर बसते. परवा गुणगुणत होती. तिला कसं सांगू की तुझ्या हातानेच सगळं..." दुकानदाराचे डोळे भरलेले मी पहिल्यांदाच बघत होतो.

एवढ्यात पडदा हलला. शांताताई दारात उभ्या होत्या. दुकानात त्या कधी आल्याच नव्हत्या.

"कव्हरचं काय झालं?"

"काही नाही ताई," दामूशेठ धावला. "गुरुजींना उशीचं कव्हर हवंय."

मी मान डोलावली. पण लखमाला कोण आवरणार?

"बाय, तुझी गोधडी लय ऊबदार हाय गं. मशीनला घाम सुटतो!"

कुणी हसलं नाही. दामूशेठने डोळे मिटून घेतले. शांताताईंनी लखमाच्या मशीनवरचं कव्हर काढलं, आत हात घालून कापूस चाचपला. मग त्या भावाकडे वळल्या.

"दाम्या, तुला माहीत होतं?"

त्याची मान खाली.

"आणि लोकांच्या शिव्या खात बसलास? मी काय कुक्कुलं बाळ आहे? एवढा घोडा झालास, तोंड उघडता येत नाही? आमटी अळणी असते तेव्हाही असाच फक्कड-फक्कड करतोस, मला काय जिभेची चव नाही? आण ती कात्री! आणि तुम्ही हो, उभे काय राहिलात? आपापली कव्हरं द्या इकडे!"

तिथेच काउंटरवर त्यांनी कव्हरं उसवायला घेतली. मखमल, झालर एकीकडे, कापूस एकीकडे. "मशीन बंद केल्यावर घालायचं, थंड झाल्यावर. खेळताना नाही. कळलं?" जीपवाल्याने शाळेतल्यासारखं "हो ताई" म्हटलं. मशीनं बदलून द्यायचं कुणी नावही काढलं नाही. शांताताईंना बसायला लखमाने स्टूल पुढे केलं.

दामूशेठ माझा दंड धरून उभा होता. डोळ्यांतून पाणी आणि तोंडभर हसू.

"रागावली! गुरुजी, ऐकलंत ना? पूर्वीसारखं दाम्या म्हणाली मला!"

घरी येऊन मी बायकोला सगळं साग्रसंगीत सांगितलं. भावाने बहिणीला किती जपलं, हे तर दोनदा सांगितलं. ती तांदूळ निवडत ऐकत होती.

"जपलं कसलं," ती म्हणाली. "इतके महिने त्या बाईशी कुणी भांडलं नाही. जीव घुसमटला असेल तिचा. उद्या माझा ब्लाउज तिच्याकडे शिवायला टाकते. बिघडवला ना, तर चांगली कडकडून भांडून येईन."