कपाटातली शिशिरा

लेलेबाई आमच्या शेजारी राहायला आल्या, त्याच आठवड्यात त्यांनी बेल वाजवून माझ्या बायकोला विचारलं, "आज आपला कुकर किती शिट्ट्या करणार आहे?"

संगीताला वाटलं, बाईंकडे अचानक पाहुणे आले असतील आणि वरण हवं असेल. ती म्हणाली, "चार. का हो?"

"सातच्या आत उरकता येतील?"

"कुकरला विचारून सांगते."

"विचारा. थांबते मी," असं म्हणून बाई खरोखर दारात थांबल्या.

मी आतून हे ऐकत होतो. मला ते मुळीच बरं वाटलं नाही. सात वाजता शांतता कशासाठी हवी असते माणसाला?

मी एका सरकारी कचेरीत नोकरी करतो. आलेल्या अर्जात काय खोट आहे ते शोधायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे संशय घेणं अंगवळणी पडलंय. बरं, नुसता संशय घेऊन मोकळं व्हावं, तर तेही जमत नाही. संशय घेतल्याबद्दल मला नंतर फार वाईट वाटतं. दूधवाल्यावर पाण्याचा संशय घेतला, तेव्हा दिवाळीला त्याला दुप्पट मिठाई दिली. त्यावरून त्याला माझा संशय आला. वारज्यातल्या आमच्या सोसायटीत सेक्रेटरी व्हायला कोणी तयार नव्हतं, म्हणून मी झालो. नाही म्हणालो असतो तर त्याचंही वाईट वाटलं असतं.

लेलेबाई साठीच्या पुढच्या, किडकिडीत, ताठ. आयुष्यभर पेठेत राहिलेल्या. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. कोणी दारात आलं आणि त्यांना आत जाऊन काही आणायचं असलं, तर त्या म्हणत, "थांबा, लाइन सोडू नका." लिफ्टमध्ये कोणी पाल्हाळ लावलं की म्हणत, "वेळ संपत आला." बोलताना त्या आपल्या डोळ्यांकडे बघत नसत. ओठांकडे बघत. टक लावून, जणू तिथून काही सांडणार आहे आणि ते त्यांना झेलायचंय. मी 'नमस्कार' म्हटलं की 'म'पाशी त्यांचेही ओठ हलकेच मिटत. मी घाबरून नमस्कार नुसत्या हातांनी करायला लागलो.

त्यांच्या दारावर पाटी होती: 'बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही.'

"पेठेतल्या बाई आहेत, पाटी असणारच," संगीता म्हणाली.

"ते ठीक आहे. पण 'आम्ही' का? भाडेकरारावर एकच नाव आहे."

"अहो, आपल्या दारावर 'सुस्वागतम्' आहे. आपण तरी कुठे पाळतो?"

पण माझ्या डोक्यातून ते 'आम्ही' जाईना. बाई एकट्या राहतात, मग दुसरं कोण? त्यांच्या कचऱ्यात रिकामी दिसणारी ज्येष्ठमधाची पुडकी कोण संपवतं? एकट्या बाईला सामानात सहा जाड गोधड्या कशाला लागतात, तेही ऐन मे महिन्यात?

मग एका संध्याकाळी मी झोपायच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होतो आणि भिंतीतून आवाज आला. भिंतीपलीकडून म्हणत नाही मी. भिंतीतूनच. खर्जातला, थंडगार.

"जायचंय तुला? जा की. पाय उचलतोय का बघ."

मग बराच वेळ काही नाही.

"नाही ना? आता तू कुठेच जायचं नाहीस. माझ्याजवळ राहायचंस. गार, गप्प आणि सुंदर."

पुन्हा शांतता. समोरच्याला उत्तर द्यायला पुरेल इतकी शांतता, पण उत्तर नाही. आणि मग हसू. सुरुवातीला बारीक, मग वर चढत गेलेलं. ते संपलं. बाई खोकल्या. पुन्हा तेच हसू, थोडं हळू. पुन्हा तेच, थोडं रडवेलं.

माझ्या हातातल्या बनियनची घडी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी स्टीलचा पेला भिंतीला लावून ऐकलं. तिसऱ्या दिवशीही. संगीता दारात उभी राहून बघत होती.

"ऐकून झालं की पेला धुवून ठेवा. त्यात ताक प्यायचंय मला."

"अगं, तिथे कोणीतरी कोंडलेलं आहे! बाई बोलतात आणि समोरून चकार शब्द नाही. तोंडात बोळा कोंबला असेल."

"आपल्या घरातही एकच माणूस बोलतं. तुमच्या तोंडात बोळा आहे का?"

मी चेअरमन भोसलेसाहेबांकडे गेलो. 'जरा चौकशी करावी' इतकंच माझं म्हणणं होतं. पण भोसलेसाहेबांना माणसाशी बोलण्याऐवजी फोन करण्याची सवय. त्यांनी तडक घरमालकाला फोन लावला. 'कोंडलेलं माणूस' हे शब्द मी त्यांना दबक्या आवाजात सांगितले होते. त्यांनी ते मालकांना मोठ्यानं सांगितले.

आणि मग आम्ही दोघं लेलेबाईंच्या दारात उभे राहिलो. भोसलेसाहेबांनी बेल दोनदा वाजवली.

"पाटी वाचता येत नाही, की मोजता येत नाही?" बाईंनी दार उघडलं.

भोसलेसाहेब माझ्याकडे बघायला लागले. मी चाचरत म्हणालो, "आपल्याकडे... म्हणजे भिंतीतून... कोणीतरी..."

"कोंडलेलं माणूस बघायचंय ना? या. मालकांचा आत्ताच फोन येऊन गेला." बाई वळल्या. "चपला बाहेर. गुन्हा घडला असला तरी फरशी पुसलेली आहे."

त्यांनी आतल्या खोलीतलं भिंतीतलं कपाट उघडलं. कपाटात कपडे नव्हते. तिन्ही बाजूंना गोधड्या लटकवलेल्या, मध्ये स्टूल, एक छोटा दिवा आणि कागद. ते कपाट आमच्या झोपायच्या खोलीला अगदी चिकटून होतं.

"हे काय आहे?" भोसलेसाहेबांनी विचारलं.

"माझी गुहा. मी शिशिरा. ऋतूंच्या राज्यातली हिवाळ्याची राणी. लहान मुलींसाठी जपानी कार्टून आहे, त्याचं मराठी चाललंय. तीन शाळकरी मुली, तिघींकडे जादू: एक वसंत, एक उन्हाळा, एक पाऊस. त्या गिरक्या घेतात, फ्रॉक बदलतात आणि मला बदडतात. प्रत्येक भागात. राणीचा आवाज मी देते."

"या वयात?" भोसलेसाहेब म्हणाले.

"राणीचं वय हजार वर्षं आहे. मी लहान वाटते म्हणून तक्रार आहे स्टुडिओवाल्यांची."

मग त्यांनी मला कामाची रीत समजावली. पडद्यावरच्या राणीचे ओठ मिटले की शब्दातही ओठ मिटले पाहिजेत. 'प' किंवा 'म' तिथेच पडायला हवा. म्हणून सगळ्यांच्या तोंडाकडे बघायची खोड लागलेली. स्टुडिओत प्रत्येकजण एकेकटा येऊन आपलं बोलून जातो. त्या तिघींचे आवाज देणाऱ्या मुलींना बाईंनी कधी पाहिलंही नव्हतं. सराव घरी, रोज सातला. आणि तो शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये, म्हणून गोधड्या लावून कपाटात.

म्हणजे बाई माझ्या सोयीसाठी कपाटात शिरल्या होत्या, आणि नेमक्या माझ्या उशाशी आल्या होत्या.

"पण ही शिशिरा एवढी दुष्ट का?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

बाई पहिल्यांदाच चिडल्या. "दुष्ट? चौघी मैत्रिणी होत्या. ही जिथे जाईल तिथली फुलं सुकायची, म्हणून तिघींनी हिला खेळातून काढलं. मग जो कोणी जवळ आला, त्याला ही गोठवून ठेवायला लागली. जाऊ नये म्हणून. त्यात दुष्ट काय आहे? पद्धत चुकली, एवढंच."

भोसलेसाहेबांनी हसून दाखवायचा आग्रह केला. बाई हसल्या. साहेब दोन पावलं मागे सरले आणि त्यांना काहीतरी काम आठवलं.

मी तिथेच उभा होतो. "मालक काय म्हणाले?"

"महिनाअखेर जागा रिकामी करा म्हणाले. तक्रारवाली बाई नको त्यांना." त्या गोधडीची एक बाजू सारखी करत म्हणाल्या, "असो. गोधड्या हलक्या आहेत. न्यायला त्रास नाही."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. रविवारी मी स्कूटर काढली आणि शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, वाघोलीला मालकांच्या घरी गेलो.

"साहेब, परवा तुमच्या सोसायटीतून फोन, कोंडलेलं माणूस आहे. आज म्हणता कार्टून आहे," मालक म्हणाले. "उद्या काय म्हणाल?"

"उद्याही कार्टूनच म्हणेन."

"आवाज भिंतीतून जाणार. म्हणजे शेजारी पुन्हा बोंब मारणार."

"शेजारी मीच आहे."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. त्या नजरेत जो संशय होता, तो मी चांगलाच ओळखतो. "मग तुमची तक्रार नाही?"

"नाही. कधीच नव्हती, असं समजा."

"असं कसं समजू? तुमच्यामुळे तर मी त्यांना वाटेल ते बोललो!" मालक म्हणाले, आणि मग त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी माझ्यासमोर फोन लावून बाईंना राहायला सांगितलं.

परत आल्यावर मी बेल वाजवली. एकदाच.

"मालकांनी सांगितलं," बाई म्हणाल्या. आभार वगैरे नाहीत. माझ्या ओठांकडे बघत म्हणाल्या, "वाचता येतं ना आपल्याला? शेवटचा भाग आहे उद्या. समोरचं वाचायला कोणी नाही."

मग पन्नाशीतला, टक्कल पडलेला मी कपाटाबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो आणि बारा वर्षांची जादूगार वासंती झालो. आवाज निघाला तो कचेरीतला. "शिशिरा, आम्ही तुला सोडून गेलो, ही चूक आमची होती. आता तू या सगळ्यांना सोड."

"सोडलं तर तुम्ही जाल," आतून शिशिरा म्हणाली.

"जाऊ. आणि परत येऊ. दर वर्षी येतो."

आतून लेलेबाईंचा साधा आवाज आला. "इतकं भरभर नको. ताई सावकाश वाचायची."

"ताई?"

"माझी थोरली बहीण. दोघीच होतो आम्ही पेठेतल्या घरात. आधीच्या भागांत समोरचं तीच वाचायची. तिन्ही मुली एकटी. वय पंचाहत्तर, आणि पाऊस झाली की गिरकी घ्यायची. कमी ऐकू यायचं तिला. मी काय म्हणाले ते पोचायला वेळ लागायचा, मग ओळ सापडायला वेळ लागायचा. तोवर मी थांबायची." आत कागद वाजला. "स्टुडिओत ओरडतात मला, मॅडम, मध्ये इतकं थांबता कशाला? काय सांगणार?"

मला दारावरची पाटी आठवली. माझ्या मनातलं त्यांना कळलं असावं.

"तिला ऐकू येत नाही हे कोणाला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून मी लावली होती पाटी. लोक बेल एकदाच वाजवायचे, आणि ती मला ऐकू यायची." त्या कागद चाळत म्हणाल्या, "गेली ती दिवाळीनंतर. असो. 'जाऊ'पासून घ्या."

मी 'जाऊ'पासून घेतलं. सावकाश.

"जाऊ. आणि परत येऊ. दर वर्षी येतो."

मी थांबलो. खूप वेळ. मग आतून शिशिरा म्हणाली, "दर वर्षी?" दोनच शब्द. मी गोधडीकडे पाठ करून बसलो.

आता ती मालिका संपली. दुसऱ्या एका मालिकेत बाई शापित वडाचं झाड आहेत. समोरच्या राजकन्येचे कागद माझ्या दाराखालून आत सरकवलेले असतात. मी झोपायच्या खोलीत, भिंतीला टेकून, राजकन्या होतो. संगीताला घड्या एकटीला घालाव्या लागतात, त्याचंही मला वाईट वाटतं.

काल ऐन राजकन्येच्या ओळीवर आमचा कुकर सुरू झाला. एक शिट्टी, दुसरी शिट्टी. भिंतीतून झाडाचा आवाज आला, पण शब्द झाडाचे नव्हते.

"थांबा. लाइन सोडू नका."

मी भिंतीला हात लावून बसलो. कुकर गप्प झाल्यावरही पलीकडून काही येईना. बाई वाट बघत होत्या.

"आहे मी," मी म्हणालो.