बोरुडे सरांचा पासवर्ड

आमच्या शाळेतल्या बोरुडे सरांसारखा पासवर्डचा धडा अख्ख्या तालुक्यात कुणी शिकवत नसेल. आणि त्यांच्या स्वतःच्या मोबाईलला मात्र साधं लॉकसुद्धा नाही! टेबलावर उताणा पडलेला असतो. एकदा दहावीच्या कार्ट्यांनी त्यावर सरांच्या फोटोच्या जागी म्हशीचा फोटो लावला. सरांनी तो आठवडाभर तसाच ठेवला, वर मलाच दाखवला, "म्हैस लई देखणी हाय, मॅडम."

सर शनिशिंगणापूरचे. रोज तिथूनच फटफटीवर येतात. मग काय, विचारूच नका. "आमच्या घराला दार न्हाई, मोबाईलला कुलूप कशाला?" हे त्यांचं पालुपद. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून उंबऱ्यात एक फळी आडवी लावायची, बास. कॉम्प्युटर लॅबची किल्लीसुद्धा कुलपालाच लटकलेली असते. मी मराठी शिकवते, मला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, पण चोराला घाबरावं एवढं तरी कळतं ना!

दुसरं वेड फोटोंचं. रोज काढायचे आणि मोबाईलच्या खात्यात टाकायचे. ते तरी कशाचे? बायकोच्या नव्या चष्म्याचे, तव्यावर फुगलेल्या भाकरीचे, अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांचे. "कोण बघणार हे?" म्हटलं की म्हणतात, "बघतंय की कुनीतरी."

गेल्या महिन्यात हेडसरांनी फर्मान काढलं, सगळ्यांनी आपापल्या मोबाईलच्या खात्याचा पासवर्ड बदलायचा. माझा तर बोरुडे सरांनीच बदलून दिला. स्वतःचा मात्र बदलेनात. झालं, हेडसरांनी मलाच त्यांच्या मागे लावलं. मधल्या सुट्टीत लॅबमध्ये जाऊन मी त्यांचा मोबाईल पुढ्यात ओढला, तोच पडद्यावर सूचना आली : तुमचं खातं दुसऱ्या मोबाईलवर उघडलं गेलं आहे. ते तुम्हीच होता का?

"अहो सर, चोर शिरला!" मी ओरडलेच.

सरांनी शांतपणे 'हो, मीच' यावर बोट टेकवलं. "चोर न्हाई मॅडम. वैशू हाय."

वैशू म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, माझी जुनी विद्यार्थिनी. तिनं मनासारखं लग्न केलं तेव्हा सर रागाच्या भरात म्हणाले होते, "पुन्हा या घरात पाऊल ठेवू नकोस." पोरगी बापासारखीच हट्टी. तिनं ठेवलं नाही. साधा फोनही केला नाही.

"हे खातं तिनंच उघडून दिलं हुतं मला. पासवर्ड बी तिचाच. गुपचूप येती, फोटो बघती, जाती. बदलला तर ती भाईर ऱ्हाईल की वं."

मला भरून आलं. आणि खरं सांगते, रागही आला. "मग बोलवा की तिला!"

"कुठल्या तोंडानं? रोज फोटो टाकतो तेवढं बास. फोटोला काय बोलावं लागत न्हाई."

"मग व्हिडिओ काढा! संगणकाचे सर ना तुम्ही?"

सरांनी मोबाईल स्वतःकडे वळवला. वर्ग दणाणून सोडणारा हा माणूस, पण आधी नुसतेच केस सारखे करत बसला. सुट्टी संपल्याची घंटा झाली. पोरं दारात येऊन थांबली, त्यांना मी हातानंच मागे सारलं.

"वैशू," सर कसेबसे म्हणाले, "मी हल्ली रातच्याला फळी बी लावत न्हाई गं. ये."