मरून गाऊनचा रंग

अंजनीवहिनींनी हर्षदाला गाऊन परत आणून दिला, तेव्हा सोबत नवऱ्याचे दोन शर्टही आणले. शर्ट मूळचे पांढरे होते. आता ते गुलाबी झाले होते, आणि तेसुद्धा सगळीकडे सारखे नव्हते.

"महिना झाला याला," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, नवीन धंदा आहे तुझा. वाईट वाटेल."

शिरगावच्या त्यांच्या इमारतीत हर्षदाने शिवलेले मरून गाऊन घरोघरी गेले होते. तिने चौकशी केली, तेव्हा कळलं की रंग सगळ्यांकडेच उतरला होता. बायकांनी आपसात त्यावर भरपूर चर्चाही केली होती. फक्त हर्षदाला कोणी काही बोललं नव्हतं, कारण सगळ्यांना तिच्याविषयी आपुलकी होती.

कापड उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या जितेशशेठकडचं होतं. सुट्टीच्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन दुकानात गेली. नितीन अंबरनाथला एका कारखान्यात सुपरवायझर होता. त्याला कॉटन आणि रेयॉनमधला फरक कळत नव्हता. शेठनी खुर्ची त्याला दिली.

"शेठ, या कापडाचा रंग जातोय," हर्षदा म्हणाली.

"बोलो नितीनभाई," शेठ म्हणाले, "धंदा कैसा है?"

बाजूला आणखी दोन-तीन व्यापारी बसले होते. त्यांच्यादेखत रडगाणं गाणं नितीनला कमीपणाचं वाटलं. "जोरात," तो म्हणाला. "माल पुरत नाही."

हर्षदाने पुन्हा रंगाचा विषय काढला. "भाभी, आप थंडा लो," शेठ म्हणाले.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "अहो, बोलला का नाहीत?"

"अगं, असं डायरेक्ट विचारत नाहीत. आधी ओळख वाढवायची."

ओळख वाढली. शेठ नितीनला व्यापाऱ्यांच्या नाश्त्याला नेऊ लागले. तिथे माणसं एकमेकांचा सल्ला घ्यायला जमत, पण आपल्याला सल्ला हवाय हे कोणीच कबूल करत नसे. त्यामुळे सगळे सल्ला देत.

"आज टाइल्सवाले भेटले," नितीन घरी येऊन सांगे. "ते म्हणतात, ब्रँडिंग कर."

"आणि रंगाचं?"

"तो विषय निघाला नाही."

इमारतीत गिऱ्हाईक उरलं नाही. शिलाई मशीनवर नितीन इस्त्रीचे कपडे ठेवू लागला. ते बघून एका दुपारी हर्षदा उठली आणि एकटीच कॅम्प दोनला गेली.

शेठ जेवायला घरी गेले होते. गल्ल्यावर त्यांची बायको सोनिया होती. हर्षदाने गाऊन पुढे केला. सोनियाने ओल्या बोटाने कापड चोळलं आणि बोट तिला दाखवलं.

"कच्चा रंग आहे. काही पण करा, पक्का नाही होणार. मी तर घरात कोणाला घेऊ देत नाही हे."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीत? आम्ही आलो होतो."

"मी आतच होती. सगळं ऐकत होती. पण तुमचे मिस्टर, आमचे मिस्टर बोलत होते ना. बीच में कैसे बोलूँ?"

सोनियाने मागचा पडदा बाजूला केला. आत मरून कापडाचे तागे छतापर्यंत रचले होते.

"तुमचे मिस्टर बोलले, माल पुरत नाही. आमच्यांनी पूर्ण लॉट उचलला. आता वापस पण होत नाही."

हर्षदाने एक तागा चाचपून पाहिला. मग सोनियाने आवाज खाली आणला. "तुम्ही शिवता ना? सांगा, याचं काय होईल?"

धंद्यातलं काही हर्षदाला विचारणारी ती पहिलीच. तिने मनापासून विचार केला. "अंगावर नको. धुवायला लागत नाही असं काहीतरी. मंडपाचे पडदे?"

"आणि पाऊस आला तर?"

"तर पाहुणे गुलाबी होतील."

सोनिया हसली, पण फार नाही. निघताना हर्षदाने तिचा नंबर मागितला. तिने दुकानाच्या पाटीवरच्या नंबरकडे बोट दाखवलं.

"हाच. पण फोन मिस्टर उचलतात," ती म्हणाली. "दुपारी जेवून ते झोपतात. तेव्हा करा."