वाचले. – अप्पा

आमच्या ऑफिसातल्या कॉफीच्या मशीनमध्ये झुरळ निघालं, तेव्हा सगळे ओरडत बाजूला झाले. एकटे मकरंद सर पुढे आले, वाकून त्या झुरळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "टीम, यात एक लर्निंग आहे."

मशीन साफ करायला कोणाला सांगावं हे मात्र त्यांना सुचलं नाही. ते तडक केबिनमध्ये गेले आणि थोड्याच वेळात नोकरदार मंडळींच्या त्या साइटवर त्यांची पोस्ट झळकली. पोस्ट अर्थात इंग्रजीत. मथळ्याचा अर्थ असा, की आज एका झुरळाने मला चिकाटी शिकवली. मशीन पुढे आठवडाभर तसंच होतं. चिकाटी आम्हीही शिकलो.

मकरंद सर खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आमच्या टीमचे प्रमुख. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. कोणाच्या अंगावर ओरडणार नाहीत, कोणाचं श्रेय लाटणार नाहीत. फक्त निर्णय घ्यायची वेळ आली की त्यांना पोस्ट सुचते. सर्व्हर बंद पडला की ते आम्हाला गोल करून बसवायचे आणि प्रत्येकाला विचारायचे, आत्ता तुला काय वाटतंय? सर्व्हरला काय झालंय हे विचारायचं राहूनच जायचं.

रोज सकाळी टीमच्या ग्रुपवर त्यांच्या पोस्टची लिंक यायची आणि पुढे जोडलेले दोन हात. ती विनंती नसते हे नव्या मुलांनाही पहिल्याच आठवड्यात कळायचं. मग आम्ही सगळे रांगेने 'सो इन्स्पायरिंग, सर' लिहून कामाला लागायचो. ज्याने लिहिलं नाही त्याच्याकडे सर दुपारी येऊन मायेने चौकशी करायचे, की बरं आहे ना सगळं घरी?

माझी स्वतःची एक लहानशी साइट आहे. नदीकाठी दिसलेल्या पक्ष्यांबद्दल मी तिथे लिहिते. सरांना त्याची फार कीव यायची. "रुबीना, तिथे रीच काय आहे?" ते विचारायचे. मी म्हणायचे, रीच काही नाही सर, पण जागा माझी आहे, उद्या कोणी बाहेर काढणार नाही. माझ्यात महत्त्वाकांक्षा कमी आहे असं त्यांनी माझ्या अप्रेजलमध्ये लिहिलं होतं.

तरीही सरांच्या पोस्ट आम्ही अगदी न चुकता उघडायचो. त्याचं कारण पोस्टच्या खाली असायचं. त्याचं नाव अप्पा.

अप्पा म्हणजे सरांचे वडील. तार ऑफिसातून निवृत्त झालेले, नारायण पेठेत एकटे राहणारे. खराडीतल्या पंधराव्या मजल्यावर येऊन राहायला त्यांनी साफ नकार दिला होता. त्या साइटवर त्यांनी खातं उघडलं ते फक्त मुलाचं वाचायला. व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी 'झाला' एवढंच भरलं होतं. शब्दाला पैसे पडतात अशा बेताने ते लिहायचे, मराठीतून, आणि वर नाव दिसत असूनही खाली सही करायचे.

सरांनी 'नेतृत्व म्हणजे ऐकून घेणं' यावर लांबलचक लिहिलं, खाली अप्पा: 'फोन उचलत जा. – अप्पा.' काम आणि घर यांचा तोल कसा साधावा यावर लिहिलं, खाली: 'रविवारी येणार होतास. – अप्पा.' झुरळाच्या पोस्टखाली आठवड्याने लिहिलं होतं: 'वाचले. मशीन पुसले का? – अप्पा.'

हजारो लोकांसमोर बापाने असे कान उपटलेले, पण सरांनी एकही कमेंट कधी काढून टाकली नाही. वर कधी उत्तरही दिलं नाही. मात्र त्याच दिवशी संध्याकाळी मशीन पुसलं गेलं, हे आम्ही पाहिलं होतं.

खरी मजा प्रांजलीच्या वेळी झाली. प्रांजली यवतमाळची. भावाच्या लग्नासाठी तिने सुट्टी मागितली आणि क्लायंटचं काम आहे म्हणून सरांनी ती नाकारली. दुसऱ्या दिवशी त्यांची पोस्ट आली, की माझ्या टीममधल्या एका मुलीने कामासाठी घरचं लग्न सोडलं, याला म्हणतात निष्ठा. प्रांजली ते वाचून बाथरूममध्ये जाऊन रडली. तेवढ्यात खाली ओळ उमटली: 'तिला सुट्टी दे. – अप्पा.' जेवणाच्या आधी सुट्टी मंजूर झाली. प्रांजलीने येताना अप्पांसाठी वेगळा लाडूंचा डबा आणला आणि सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी तो बॅगेत घातला.

तेव्हापासून आम्ही म्हणायला लागलो, की आपला खरा मॅनेजर नारायण पेठेत बसतो.

मग उन्हाळ्यात कधीतरी अप्पांच्या कमेंट येणं बंद झालं. आमचा तर्क सरळ होता. सरांनी अखेर वडिलांना ब्लॉक केलं. आम्हाला रागच आला. त्याच सुमारास सर काही दिवस घरून काम करून परत आले ते डोक्याचा गोटा करून. कोणीतरी विचारलं तर म्हणाले, तिरुपतीला जाऊन आलो. इतक्या मोठ्या टकलावर त्यांनी एकही पोस्ट कशी टाकली नाही, याचंच आम्हाला नवल वाटलं. त्यापुढे कोणी काही विचारलं नाही.

दिवाळीच्या आधी सरांना बढती मिळाली. अभिनंदनाचं वाक्य त्यांनी आम्हाला तयार करूनच पाठवलं, म्हणजे आमचा वेळ वाचावा. आम्ही सगळ्यांनी ते एकाच वेळी, एका अक्षराचा फरक न करता चिकटवलं. त्या साइटला वाटलं, हा माणूस नसून काहीतरी यंत्र आहे. खातं बंद. सरांनी आधार कार्ड पाठवलं, चेहऱ्याचा व्हिडिओ पाठवला, तरी उपयोग झाला नाही. "मी माणूस आहे हे त्यांना पटतच नाहीये," ते म्हणाले. आम्ही माना खाली घातल्या, कारण हसू आवरत नव्हतं.

दोन दिवसांनी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चेहरा पार उतरला होता. म्हणाले, तुला या साइटबिइटचं कळतं, काही परत मिळेल का? मी म्हटलं, सर, तुमच्या पोस्ट तर तुमच्या लॅपटॉपवर आहेत, एकेकीचे चार-चार खर्डे आहेत.

"पोस्ट नकोत," ते म्हणाले. "खालचं हवंय."

मला वाटलं, माणसाला 'सो इन्स्पायरिंग'चीही एवढी आस असते. तसं मी बोलून जाणार होते, तेवढ्यात ते खिडकीकडे बघत म्हणाले, "अप्पांचं. अप्पा गेले ना मे महिन्यात."

झुरळापासून ट्रॅफिकपर्यंत दिसेल त्या गोष्टीवर पोस्ट टाकणाऱ्या या माणसाने आयुष्यातल्या एकाच गोष्टीवर पोस्ट टाकली नव्हती. मी खुर्ची ओढली आणि त्यांचा ई-मेल उघडायला सांगितलं.

त्या साइटवर कोणी कमेंट केली की तशी मेल येते. सरांनी त्या कधी उघडल्या नव्हत्या आणि पुसल्याही नव्हत्या. मी अप्पांचं नाव टाकून शोधलं आणि रांगच्या रांग समोर आली. मेलमध्ये कमेंटचा सुरुवातीचा तुकडाच दिसतो. लांब लिहिणाऱ्यांची वाक्यं अर्ध्यात तुटली होती. अप्पांचं एकही वाक्य तुटलं नव्हतं. सगळी सहीसकट शाबूत.

सर एकेक वाचत गेले. मधेच हसले, मधेच चष्मा पुसला. सगळ्यात शेवटची कमेंट त्यांनी पाहिलेलीच नव्हती. ती त्या जुन्या झुरळाच्या पोस्टखाली होती. सर तेव्हा लोणावळ्याला लीडरशिपच्या शिबिरात होते, फोन बंद ठेवायची अट होती, आणि परतले ते थेट दवाखान्यातच गेले होते. अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा शब्द जरा सढळ हाताने वापरले होते: 'दोन दिवस काही लिहिलं नाहीस. नवीन काही नाही म्हणून जुनंच परत वाचलं. बरा आहेस ना? – अप्पा.'

सरांनी ती कमेंट पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचली. मीही उठले नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही सरांच्या नावाची साइट उभी केली. सगळा मजकूर त्यांनी स्वतः बसून चढवला. त्यांच्या पोस्ट त्यात नाहीत, फक्त अप्पांची वाक्यं आहेत, एकाखाली एक. लाइकचं बटण लावायचं का, असं मी विचारलं. नको म्हणाले, अप्पांना आवडलं नसतं. इथून कोणी काढणार नाही ना, एवढं मात्र त्यांनी मला तीनदा विचारून घेतलं. मी सांगितलं, साइटच्या नावाचं भाडं दरवर्षी भरा आणि एक प्रत घरी ठेवा, मग कोणी काढत नाही. त्यांनी भावाकडेही एक प्रत ठेवायला दिली.

अप्पांच्या शेवटच्या वाक्याखाली सरांनी स्वतःची एकच ओळ लिहिली, मराठीत: 'बरा आहे. – मकरंद.'

साइट सुरू झाली त्या सकाळी ग्रुपवर लिंक आली नाही, जोडलेले हातही आले नाहीत. लिंक मीच प्रांजलीला दाखवली. ती एकेक ओळ वाचत शेवटपर्यंत गेली. मग तिने खालच्या कमेंटच्या चौकटीवर बोट ठेवून विचारलं, इथे काय लिहायचं असतं? मी म्हटलं, इथे सक्ती नाही.

जेवणानंतर पाहिलं तर त्या ओळीखाली लिहिलेलं होतं: 'वाचले. – प्रांजली.' त्याखाली 'वाचले. – रोहन.' मग आणखी एक, मग आणखी एक. मीही लिहिलं. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि यावेळी सगळ्यांनी तेच लिहिलं म्हणून कोणी कोणाला यंत्र समजलं नाही.

चार वाजता सर केबिनमधून बाहेर आले. कॉफीच्या मशीनपाशी उभे राहिले, आमच्या सगळ्यांकडे पाहिलं आणि घसा खाकरला. आता लर्निंग येणार म्हणून आम्ही हातातली कामं ठेवली.

"वाचलं," ते म्हणाले, आणि आत गेले.