डरकाळे महाराजांची धूरबंदी

एका जंगलात डरकाळे महाराज नावाचा सिंह राज्य करत होता. कुठल्या जंगलात, असं विचारू नका. मधे मधे विचारणाऱ्या मुलांना गोष्टीतला सिंह आधी खातो.

महाराजांना एकुलती एक मुलगी होती, सोनकळी. उपवर झालेली. दिसायला नाकीडोळी नीटस. शिकार तर अशी करायची की हरणं कौतुकानं थांबून बघायची. आणि मग व्हायचं ते व्हायचं.

पण तिचं लग्न काही जमेना. कारण डोंगर.

ऊन तापलं की त्या जंगलाच्या डोंगरावर निळसर धुकट पसरायचं. पाहुणे मुलगी बघायला यायचे, पोहे खायचे. सिंह पोहे खातात का? अरे, मुलगी बघायला गेल्यावर सगळेच खातात. तर पोहे खाऊन झाले की पाहुणे डोंगराकडे बघायचे आणि उगाचच खोकायचे. "तुमच्याकडे धूर फार बाई," म्हणायचे, "आमच्या छाव्याला सोसायचा नाही." आणि जायचे निघून.

आता एकच स्थळ उरलं होतं. शेजारच्या माळरानावरच्या गर्जनाबाई सिंहिणीचा मुलगा. माळ मोठा, पण झाड म्हणाल तर औषधालासुद्धा नव्हतं.

"हेही स्थळ हातचं गेलं तर माझी पोर तशीच राहील हो!" असं म्हणून महाराज ढसाढसा रडले. सिंह असला तरी बापच तो.

त्यांचे प्रधान होते साळिंदरपंत. लिहायची हुक्की आली की पंत स्वतःच्या पाठीतला एक काटा उपटायचे आणि त्यानंच लिहायचे. हुक्की सारखी यायची, त्यामुळे पाठीला टक्कल पडत चाललं होतं.

"महाराज, धूर आहे म्हणजे आग असणारच," पंत म्हणाले.

माकडांनी सगळं जंगल हुंगलं. आग सोडा, कुठं विडीचं थोटूकही सापडलं नाही.

तेव्हा नीलगिरीबाई बोलली. उंच, सडपातळ, बोलायला फटकळ. "अहो, तो धूर नाहीच मुळी. तो आम्हा झाडांचा वास आहे."

"म्हणजे गुन्हा कबूल!" महाराज गरजले.

"ऐकून तर घ्या. ऊन लागलं की आमच्या पानांतून वास सुटतो. तो वाफेसारखा असतो, डोळ्यांना दिसत नाही. वर गेला की ऊन आणि हवा मिळून त्याचं रूप पालटतात. मग तो जड होतो, आपला आपल्यालाच चिकटतो आणि त्याचे कण होतात. इतके बारीक की मुंगीच्या डोळ्यात गेले तरी खुपायचे नाहीत. ते कण उन्हात निळे दिसतात, एवढंच."

पटत नसेल तर बाळांनो, घरी जाऊन बघा. आई फोडणी देते तेव्हा तेलाची वाफ धड दिसतही नाही. पण चार दिवसांनी खिडकीच्या जाळीला बोट लावा. चिकट! बोट मग पँटला पुसू नका.

"आणि त्याच कणांवर ढग होतात," नीलगिरीबाई पुढे म्हणाली. "पाण्याच्या वाफेला वर बसायला पाट लागतो. तो पाट आम्ही लावतो."

"पाट?" महाराज भडकले. "इथं पोरीचं पहिलं लग्न जमेना, आणि ही बया पाट लावायच्या गोष्टी करते! पंत, झाडांचा वास बंद करा. आजच्या आज!"

आता पंतांचं एक दुखणं होतं. साधं मराठी लिहिलं की त्यांच्या पोटात कळ यायची. 'पाणी प्या' लिहायचं असेल तर ते 'जलप्राशन करण्यात यावे' असं लिहायचे. त्यांनी काटा उपटला आणि लिहिलं, 'तमाम वृक्षवर्गास कळविण्यात येते की, यापुढे राज्याच्या हद्दीत कोणीही वास करू नये.'

टिटवीनं दवंडी पिटली. झाडांनी ऐकली.

"वास करू नये म्हणजे?" चिंचेनं विचारलं.

"म्हणजे राहू नये," वड म्हणाला. तो जुन्या वळणाचा होता, त्याला असलं मराठी कळायचं. "देव कुठं वास करतो, म्हणतात ना, तसं. आपल्याला राज्याबाहेर काढलंय."

"काय ही माणुसकी!" साग म्हणाला. पण राजाज्ञा ती राजाज्ञा. वडानं पारंब्या वर खोचल्या. सागानं आपली मोठाली पानं काखोटीला मारली. चिंचेनं पोरंबाळं गोळा केली. आणि सगळं जंगल चालू पडलं.

झाडं कशी चालतील म्हणता? वा रे वा! साळिंदर लिहितो ते चालतं, आणि झाड चाललेलं चालत नाही होय?

दुसऱ्या दिवशी महाराज उठले तर आभाळ घासूनपुसून लख्ख. डोंगरावर धुकटाचा मागमूस नाही. महाराज आनंदानं उड्याच मारायला लागले.

"सोनकळे, बघ! धूर गेला!"

"बाबा, झाडंपण गेली."

"जाऊ दे गं. नुसता पसारा होता."

दुपारी गर्जनाबाई आल्या, छाव्याला घेऊन. ऊन मी म्हणत होतं. ताटलीतले पोहे पुन्हा एकदा परतले गेले. गर्जनाबाईंनी डोंगराकडे बघितलं. महाराजांनी श्वास रोखला. बाई खोकल्या नाहीत!

"हवा काय स्वच्छ हो तुमची!"

"तुमच्यासाठीच करून घेतली," महाराज लाजून म्हणाले.

"मुलगी पसंत आहे. आणि व्याहीबुवा, तुमचं मन केवढं मोठं! लग्न ठरायच्या आधीच रुखवत पाठवलंत."

"रुखवत?" महाराजांना काही कळेना.

"अहो, पहाटे आमच्या माळावर सगळे रूख येऊन उभे! वड काय, साग काय, ती उंच नीलगिरी काय! आमच्या म्हाताऱ्या सासूबाई म्हणाल्या, याला म्हणतात खरं रुखवत. निघताना बघितलं तर वर कशी छान निळाई पसरली होती. दृष्ट काढून आले मी."

महाराजांचा जबडा उघडाच राहिला. पंत कानाशी कुजबुजले, "महाराज, जंगल परत मागावे."

"रुखवत परत मागू?" महाराज तोंडातल्या तोंडात म्हणाले. "पंत, लग्न मोडेल."

त्यांनी सोनकळीकडे बघितलं. ती छाव्याकडे बघत होती, छावा तिच्याकडे.

"तर! रुखवतच ते," महाराज म्हणाले. "आवडलं ना?"

लग्न थाटात झालं, माळावर, वडाखाली. इकडे जुन्या राज्यात ढग यायचा, बसायला पाट शोधायचा आणि पुढे जायचा. पंतांनी ढगांना आज्ञापत्रं लिहिली. पाठीवरचे सगळे काटे संपले, पण एक ढग थांबेल तर शपथ.

मग महाराज मुलीला भेटायला म्हणून माळावर आले. एक दिवसासाठी. त्याला आता फार दिवस झाले. घरजावई तुम्ही ऐकले असतील, हा जगातला पहिला घरसासरा. दिवसभर नीलगिरीबाईच्या सावलीत लोळत असतो.

गर्जनाबाई रोज विचारतात, "व्याहीबुवा, निघताय ना आज?"

महाराज वरच्या निळाईकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "एवढ्या धुरात वाट कशी दिसणार हो?"

तात्पर्य : दारातली झाडं खुशाल काढावीत, हवा स्वच्छ होते. फक्त त्याआधी मुलगी सावलीच्या घरी द्यावी.