करंदीकरकाकांचं खोडरबर

टाळ्या अजून थांबलेल्या नसतात आणि करंदीकरकाका खोडरबरांचा डबा घेऊन स्टेजवर चढलेले असतात. आमचा जर्मनीतल्या गेर्लिंगेनचा हौशी ऑर्केस्ट्रा. दिवसभर ऑफिसात ड्रॉइंग्ज तपासून संध्याकाळी वाद्यं काढणाऱ्यांचा. काका निवृत्त इंजिनिअर आणि आमचे नोटेनवार्ट, म्हणजे छापील स्वरलिपीच्या प्रतींचे रखवालदार. स्वतःला एकही वाद्य वाजवता येत नाही, पण दरारा कंडक्टरपेक्षा जास्त.

त्यांना आधुनिक ब्रिटिश संगीताचं वेड. त्या रचनांच्या वादकांच्या प्रती सहसा विकत मिळत नाहीत. प्रकाशक लंडनहून भाड्याने पाठवतो, वाजवून झालं की परत, आणि पेन्सिलीच्या खुणा पुसून. "आल्झो, परक्याची वस्तू आहे, होती तशी द्यायची," हे काकांचं पालुपद, सुरुवातीच्या जर्मन 'आल्झो'सकट. मी एकदा माझ्या व्हायोलाच्या प्रतीत कुठलं बोट ठेवायचं त्याचे आकडे जरा दाबून लिहिले, तर पान उजेडाला धरून म्हणाले, "हे काय, नांगर फिरवलास?"

कार्यक्रमात ते पहिल्या रांगेत, मांडीवर अख्खा स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी, उघडून. कुणी चुकलं की भुवया वर. त्या भुवया बघून भलेभले आणखी चुकतात.

असा हा शिस्तीचा माणूस दरवर्षीच्या बैठकीत एकच हट्ट धरायचा: उत्तर समुद्रावरची ती ब्रिटिश रचना पुन्हा घ्या. मी यायच्या आधी ती एकदाच वाजवली होती आणि निम्मे श्रोते मध्यंतरातच घरी गेले होते म्हणे. अध्यक्षबाई "नाइन, हेर करंदीकर" म्हणून नकार द्यायच्या. काका "बरं" म्हणायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा हात वर. जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्ड कप झाला त्या वर्षी बाईच कंटाळल्या आणि हो म्हणाल्या.

पार्सल आलं. काकांनी व्हायोलाच्या प्रती भराभर चाळल्या, एक काढून माझ्या हातात दिली. "तू हीच घे."

आत एका लांब विरामावर पेन्सिलीने, वेड्यावाकड्या मराठी अक्षरांत लिहिलं होतं: बाबांकडे बघायचं नाही.

"रेवाचं अक्षर," काका म्हणाले. रेवा त्यांची मुलगी. पूर्वी माझ्याच खुर्चीवर बसायची, आता कॅनडात असते. रविवारी फोन करते. काका मराठीत विचारतात, ती जर्मनमध्ये उत्तर देते, लहानपणापासून तसंच.

"माझ्या भुवया बघून तिला हसू फुटायचं. शेजारणीला कळू नये म्हणून मराठीत लिहिलंन. आपणहून मराठीत लिहिलेलं तिचं एवढंच. मला पुसवेना."

"मग प्रत परत कशाला केलीत? निदान झेरॉक्स काढायचीत."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चोरीच सुचवली होती. "परक्याची वस्तू आहे."

कार्यक्रमात तो विराम आला आणि मी बघायचं नाही तिकडे बघितलंच. भुवया जागेवर होत्या. स्कोअर मांडीवर तसाच उघडा, बोट थांबलेलं, आणि काका माझ्या खुर्चीकडे बघत होते. विरामानंतर पुन्हा वाजवायला लागायची जागा माझी साफ चुकली. काकांना कळलंही नाही.

नंतर डबा आला. माझ्या सगळ्या खुणा त्यांनी स्वतः पुसल्या, ती एक ओळ सोडून, आणि प्रत लंडनला गेली.

पुढच्या बैठकीत काकांचा हात वर गेला नाही. इतक्यात पुन्हा मागायची लाज वाटत असावी. अध्यक्षबाईंनी विचारलं, कुणाला काही सुचवायचंय का?

मी हात वर केला.